६८ सालचा टाटा-मर्सिडीज ट्रक मुंबईच्या दारूखान्यात (रे रोडचा भंगारबाजार) आणून टाकलाय. पुढे काय करू?

टामीवाला (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, आज स्वतःच्या गरजेपोटी धागा काढतोय.

कराडच्या पुढे एका बंद पडलेल्या गुऱ्हाळामागे १९६८ सालची टाटा-मर्सिडीज उभी होती. उभी म्हणजे रुतलेली. मागची चाकं रिमपर्यंत मातीत, आणि हौद्याच्या फळ्यांतून एक बाभूळ सरळ वर आलेली, माझ्या मांडीएवढी जाड. मालक वारले, नातवांना जागा मोकळी करायची होती. भंगारवाला किलोचा भाव लावून गेला होता. मी म्हटलं, त्याच भावाने मी घेतो, फक्त कापू नका. त्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा सांगितला.

बाहेर काढायलाच दीड दिवस गेला. बोलावलेला हायड्रा क्रेन स्वतःच रुतला, त्याला काढायला ट्रॅक्टर आणावा लागला. शेवटी शेजारच्या चिंचेला चेनकुप्पी बांधून इंच इंच ओढली. मागचं डावं चाक फिरेचना, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले. ड्रमला घण घालून घालून खांदे भरून आले, मग एकदम 'टक' झालं आणि सुटलं. तो आवाज अजून कानात आहे.

लो-बेड ट्रेलरवर चढवली, साखळ्या आवळल्या आणि निघालो. खेड-शिवापूरला चहाला थांबलो तर चारही साखळ्या पाळण्याच्या दोरीसारख्या सैल! वर गाडी आपली मजेत डुलतेय. खंबाटकी कसा उतरलो असेन, या विचाराने चहा गिळवेना. परत आवळल्या. मुंबईत जड वाहनांची वेळ सांभाळायची म्हणून वाशी खाडीपूल ओलांडला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मानखुर्द, चेंबूर, शिवडी करत पहाटे रे रोडला. दारूखान्यात मित्राचा गाळा आहे, जहाजाच्या भंगाराचा. तिथे एक कोपरा मिळालाय, पावसाळ्यापर्यंत.

बायकोला 'एक जुनी गाडी घेतोय' एवढंच सांगितलं होतं. तिला वाटलं पद्मिनी.

इंजिन जाम आहे. कागद अर्धवट आहेत. केबिनचा पत्रा गेलाय, लाकूड बऱ्यापैकी आहे. सुरुवात कुठून करू?

---

चहाबिस्कीट · रविवार, सकाळी ८:१५

फोटो दिसत नाहीयेत.

आणि एक बाळबोध प्रश्न: का?

---

टामीवाला · रविवार, सकाळी ९:०२

फोटो परत चढवतो. 'का'चं उत्तर मिळालं की आधी बायकोला देईन, मग तुम्हाला.

---

कुर्लेकर · रविवार, सकाळी १०:३०

वा! सकाळ सार्थकी लागली.

टामीवाला, तुमची वरात शिवडीवरून गेली हे वाचून मजा वाटली. जनरल मोटर्सने १९२८ ला शिवडीलाच गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. पेटाऱ्यांतून सुटे भाग यायचे, इथे जोडणी व्हायची. पुढे सरकारने बजावलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायचे असतील तर राहा. त्यांनी १९५४ ला गाशा गुंडाळला. आणि त्याच १९५४ ला टाटांच्या टेल्कोने मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तुमची गाडी त्या कराराच्या अगदी शेपटाकडची. १९६९ ला करार संपला, जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटाचा 'टी' आला.

आमचे आजोबा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये रंगखात्यात होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला काढलेली कंपनी. लोकांना तिथली फक्त पद्मिनी आठवते, पण डॉज आणि फार्गो ट्रकही तिथूनच निघायचे. आजोबा म्हणायचे, ट्रक एकच, दिवसाप्रमाणे बिल्ला बदलायचा. आता तिथे कोहिनूर सिटी आहे. जाताना मी अजून मान वळवून बघतो, काही दिसत नाही.

तुमच्या जाळीवर तारा आहे का?

---

टामीवाला · रविवार, दुपारी १२:१०

तारा नाही. दोन भोकं आहेत आणि भोवती गोल, जरा उजळ डाग. कुणीतरी उपटून नेलाय.

---

मिस्त्री_नोझलवाले · रविवार, संध्याकाळी ७:४५

टाइप मुलगी करते, मी सांगतो. ४१ वर्षं इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम केलं, त्यात २६ वर्षं वडाळ्याला.

बाळा, पहिली गोष्ट: स्टार्टर मारायचा नाही. बॅटरी लावायचीच नाही. सहाही नोझल काढ, प्रत्येक बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) डिझेल आणि गिअरचं पातळ तेल निम्मंनिम्मं ओत आणि आठ दिवस विसरून जा. रोज थोडं वरून घाल. मग फ्लायव्हीलला टामी (लोखंडी दांडा) लावून हळू हळू, पुढे-मागे. एकाच बाजूला जोर केलास तर रिंग तुटेल नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल. सुटलं तर देवाची कृपा, नाही सुटलं तर हेड खोल.

दुसरी गोष्ट पंपाची. एवढी वर्षं उभ्या गाडीचा पंप आतून चिकटलेला असतो. इंजिनाला डिझेल किती द्यायचं ते ठरवणारी दांडी 'भरपूर'वर चिकटलेली असली आणि तू चालू केलंस, तर इंजिन पळत सुटतं. चावी फिरवून बंद होत नाही. मी एकदा पाहिलंय, भिवंडीला. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि सगळे पळाले. म्हणून पंप काढून टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून घे. आणि पहिल्यांदा चालू करशील तेव्हा हवा ओढायच्या तोंडाशी एक माणूस फळी घेऊन उभा कर. सुटलं की तोंडावर फळी दाबायची, हवा बंद झाली की मरतं. फळीच, हात नाही. हात ओढून घेतं.

साखळ्या चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) बांधल्या होत्यास ना?

---

टामीवाला · रविवार, रात्री ८:२०

काका, नमस्कार. हो, चेसीला. कसं ओळखलंत?

---

मिस्त्री_नोझलवाले · रविवार, रात्री ८:४०

पाटे (स्प्रिंग) दबतात तेव्हा साखळी सैल पडते. साखळी अ‍ॅक्सलला बांधायची, म्हणजे वर गाडी किती का डुलेना. आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून परत आवळायची. टोचन करून आणली नाहीस ते चांगलं केलंस. टोचन केली असती तर मागचा जॉइंट सोडावा लागला असता, नाहीतर चाकं गिअरबॉक्सला कोरडं फिरवत आणतात.

---

घाटातला · सोमवार, दुपारी १:०५

काकांना दंडवत. धागा जिवंत झाला.

माझी एक कळकळीची सूचना, टायरबद्दल. ९००-२० मापाच्या टायरची जुनी डिस्क (चाकाची लोखंडी तबकडी) असणार, लॉक रिंगवाली, म्हणजे टायर धरून ठेवणारं कडं वेगळं. गंजलेल्या रिंगवर कुणालाही हवा भरू देऊ नका. रिंग नीट बसलेली नसली तर हवेच्या दाबाने ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. आमच्या गावच्या पंक्चरवाल्याचा कोपरापासून हात गेला तो असाच. चाक पिंजऱ्यात ठेवून, नाहीतर रिंग आणि डिस्कमधून साखळ्या गुंडाळून, लांब पाइपने, बाजूला उभं राहून हवा भरायची. आणि डिस्क खोलायच्या आधी व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या, 'बसलेलंच तर आहे' म्हणू नका.

बाकी वडील याच मॉडेलवर होते, मुंबई-बेळगाव. बोरघाट चढताना शिंगरोबाला नाणं टाकल्याशिवाय गेले नाहीत कधी. मी किन्नर (क्लीनर) म्हणून दोन सुट्ट्या बसलोय. माझं काम एकच: गाडी चढावर थांबली की उडी मारून मागच्या चाकाला उटी लावायची. उटी म्हणजे साधा लाकडी ठोकळा, पण त्याच्यावर दहा टन कांदा उभा असायचा.

---

चहाबिस्कीट · सोमवार, दुपारी ३:३०

बरं, मी टर उडवली ते मागे घेतो. फोटो दिसले. बाभळीचं खोड अजून हौद्यात आहे ते बेष्ट.

पण एक सांगा. करायचीच तर मूळ रूपात करा. जर्मन कंपनीच्या जुन्या चित्रांत ती गोलसर पोलादी केबिन दिसते ना, तशी. हे लाकडी खोपट काढून टाका. चोरबाजारात तारा मिळेल. तेव्हाच ती मर्सिडीज दिसेल.

---

आरटीओग्रस्त · सोमवार, रात्री १०:००

मी कागदांवर लिहितो, कारण कागदांनीच माझे केस पिकलेत. (माझ्याकडे १९७१ ची लेलँड आहे. म्हणजे मी तिच्याकडे आहे.)

जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. ५० वर्षांहून जुनी गाडी, 'व्हीए' अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं वैध, पुढच्या वेळी ५,०००. वाचून मी पेढे आणले. मग नीट वाचलं: ती सोय दुचाकी आणि खासगी चारचाकीला आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. पेढे मात्र संपले होते.

म्हणजे दोनच वाटा. एक, ट्रक म्हणूनच नोंदणी जिवंत ठेवायची. त्यासाठी फिटनेस दरवर्षी, थकलेला कर, पर्यावरण कर, विमा, सगळं. दोन, नोंदणी रद्द करून शोभेची वस्तू म्हणून ठेवायची, रस्त्यावर चालवायची नाही आणि न्यायची तर लो-बेडवर. मी दुसऱ्या वाटेवर आहे, कारण पहिल्या वाटेवर एका कार्यालयात मला विचारलं गेलं, 'ही गाडी संगणकात नाही, मग ती आहे कशावरून?' मी म्हटलं, बाहेर उभी आहे, बघा. ते म्हणाले, बाहेरचं चालत नाही.

टामीवाला, आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का, हे आजच बघा.

---

टामीवाला · पुढचा रविवार, दुपारी ४:१५

आठ दिवसांचा हिशोब देतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे नोझल काढली, बोअर भरले. सहाव्या दिवशी टामी लावली, काही नाही. आठव्या दिवशी मी आणि मित्राचा फिटर दोघे लोंबकळलो, केसभर हललं. पुढे परत घट्ट. हेड खोललं. चौथ्या बोअरमध्ये पाणी गेलेलं, भिंतीवर गंजाचं कडं. बाकीचे पाच तसे बरे.

आता गंमत. फिटरने व्हर्नियर लावला. बोअर ९७ मिमी. आरटीओग्रस्त, नंबर अर्थातच जुळत नाही.

---

मिस्त्री_नोझलवाले · रविवार, संध्याकाळी ६:३०

मग तुझं इंजिन ६९७ आहे बाळा. नावातच आहे: सहा सिलिंडर, ९७ चा बोअर. स्ट्रोक १२८, म्हणजे ५६७५ सीसी. तुझ्या जमान्याच्या गाडीत याहून लहान इंजिन हवं. टाटाच्या ४०७ टेम्पोला ४९७ यायचं तेही तसंच, चार सिलिंडर ९७ बोअर. मधे कधीतरी मालकाने मोठं इंजिन टाकलं. त्या काळी सर्रास टाकायचे, उसाच्या गाडीला तर नक्कीच.

हेड उघडलंच आहेस तर सहाही लायनर (बोअरच्या आतली नळी) आणि पिस्टन नवे कर. एकच केलंस तर बाकीचे पाच तुला वर्षभर शिव्या देतील. ६९७ चा माल ऑपेरा हाऊसला अजून मिळतो. जुनं लहान असतं तर हिंडला असतास.

---

चहाबिस्कीट · रविवार, संध्याकाळी ७:१०

म्हणजे इंजिन मूळ नाही, तारा नाही, केबिन गावठी. मग यात मर्सिडीज उरलं काय?

---

वडाळ्याची · रविवार, रात्री ९:५५

इतके दिवस वाचतेय, आता राहवत नाही.

चहाबिस्कीट, 'गावठी खोपट' म्हणालात म्हणून लिहिते. माझ्या वडिलांचा ट्रकबॉडीचा गाळा होता, अँटॉप हिलला. कारखान्यातून बहुतेक गाड्या केबिन लावून येतच नसत. यायचं काय? चेसी, इंजिन, बोनेट आणि पुढचा काऊल (बोनेटमागची पत्र्याची भिंत). बस्स. ड्रायव्हर फळीवर बसून, डोळ्यांना गॉगल, तोंडाला टॉवेल गुंडाळून जमशेदपूरहून ती उघडी चेसी चालवत आणायचा. पावसात, थंडीत. आमच्या दारात उतरला की आई आधी गरम पाणी द्यायची त्याला, पैशांचं नंतर.

त्यावर केबिन चढवायचे ते सुतार. सागाचा सांगाडा, वर पत्रा, मोळे मारून. दरवाजा कसा उघडणार, खिडकी केवढी, ड्रायव्हरच्या मागे झोपायला फळी किती रुंद, हे मालक सांगायचा. उंच मालक असला तर छत उंच. म्हणून दोन गाड्या सारख्या दिसत नसत. तुम्ही चित्रातली पोलादी केबिन बसवलीत तर या गाडीला कधीच नसलेली वस्तू बसवाल. तुम्ही म्हणता तशी ती मूळ गाडी कधी नव्हतीच.

टामीवाला, पत्रा काढताना मोळे उपटू नका, डोकी कापा आणि लाकडातून मागून ठोका. साग फाटला तर जुळत नाही. आणि ब्रेकचे जुने लायनर साफ करताना कंप्रेसरने हवा मारू नका, जुन्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. बाबांच्या छातीने त्याची किंमत मोजली असं मला अजून वाटतं, डॉक्टरांनी तसं कधी लिहून दिलं नाही.

---

घाटातला · रविवार, रात्री १०:१२

+१. यावर आता कुणी काही बोलू नये.

---

चहाबिस्कीट · रविवार, रात्री १०:४०

बोलतो, पण कान धरून. मला खरंच माहीत नव्हतं. गाडी कंपनीतून जशी येते तशी ती मूळ, असंच आजवर समजत होतो.

तरी एक शंका राहतेच. मग मूळ कुठलं धरायचं? ६८ सालचं पहिलं केबिन, की पुढे कुणी दुरुस्त केलेलं?

---

कुर्लेकर · सोमवार, सकाळी ७:५०

इंग्लंडात जुन्या मालवाहू गाड्यांची संस्था १९५८ पासून आहे, लंडन ते ब्रायटन ट्रकांची रपेट काढतात. तिथेही हाच वाद घालत असणार, चहा पीत.

मला विचाराल तर ६९७ तसंच ठेवा. उसाने टाकायला लावलेलं इंजिन आहे ते.

---

आरटीओग्रस्त · सोमवार, सकाळी ९:२०

ठेवा, पण मग नोंदणीची वाट बंद असं समजा. इंजिन बदलाची नोंद आरसीवर नाही, मालक हयात नाहीत. माझ्या वाटेवर स्वागत आहे, सोबत होईल.

आणि मागे 'हॉर्न ओके प्लीज' रंगवणार असाल तर २०१५ पासून महाराष्ट्रात त्याला मनाई आहे. शोभेच्या वस्तूवर चालतं का हे विचारायला मी त्या कार्यालयात परत जाणार नाही.

---

टामीवाला · तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १२:३०

उशिरा आलो, माफी.

नोंदणी रद्द करायचं ठरवलं. वाईट वाटलं, पण आरटीओग्रस्तांची लेलँड बघून आलो, तिला काही वाईट वाटताना दिसलं नाही.

लायनर-पिस्टन झाले. पंप कुर्ल्याला कॅलिब्रेशनला दिला होता. दांडी खरोखरच चिकटलेली निघाली, काका, 'भरपूर'च्या बाजूला. त्या माणसाने दाखवली तेव्हा मी तिथल्या स्टुलावर बसलो. टायर पिंजऱ्यात भरले. दोन डिस्क बाद केल्या.

काल संध्याकाळी चालू केली. फिल्टरची हवा काढली, पाइपांची हवा काढली, माझा मित्र फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा, चेहरा वधस्तंभापाशी असल्यासारखा. पहिल्यांदा नुसता पांढरा धूर. दुसऱ्यांदा दोन सिलिंडर, मग चार, मग सगळे, आणि गाळ्याचे पत्रे थरथरायला लागले. शेजारच्या गाळ्यातला गॅस कटरवाला कटर बंद करून बघायला आला. फळी लागली नाही. मित्राने ती तरी अर्धा तास खाली ठेवली नाही.

पण लिहायला बसलो ते यासाठी नाही.

आज केबिनचा डॅशबोर्डचा पत्रा काढला, वडाळ्याची यांनी सांगितलं तसा, मोळ्यांची डोकी कापून. त्याखाली सागाची आडवी फळी. तिच्यावर सुताराच्या पेन्सिलीने लिहिलंय, कालच लिहिल्यासारखं: 'डावा ३ फूट १ सूत. उजवा ३ फूट.' आणि खाली वाकड्या अक्षरात, 'मालक उंच, सीट २ इंच मागे.'

मी टेप लावला. डावी बाजू खरंच एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, जास्त आहे.

---

वडाळ्याची · शनिवार, सकाळी ६:१०

फोटो मोठा करून बघितला. अक्षर बाबांचं नाही. तरी दोनदा बघितलं.

एक सूत जास्त आहे कारण काऊलच तिरका आला असणार. ते मापात घ्यायचे, पाचर मारायचे नाहीत. फळी बदलू नका. कीड असेल तर मागून औषध लावा, पुढून रंधा फिरवू नका.

---

चहाबिस्कीट · शनिवार, सकाळी ८:०५

सीट दोन इंच मागेच ठेवणार ना?

---

टामीवाला · शनिवार, सकाळी ८:३०

मागेच. माझा पाय क्लचला पुरत नाही, पाठीमागे उशी घेतो.

वडाळ्याची, खिडकीच्या काचेचं जुन्या घाटाचं रबर बीडिंग कुठे मिळेल? ऑपेरा हाऊसला तिघांनी नाही म्हटलं. जूनच्या आत काचा बसायला हव्यात, छपराखालून पाणी येतं आणि फळी नेमकी त्याच बाजूला आहे.

---

वडाळ्याची · शनिवार, सकाळी ८:५५

नमुन्याचा वीतभर तुकडा कापून ठेवा, फेकू नका. रविवारी दारूखान्यात येते. बाबांची पेटी माळ्यावर आहे, त्यात एक गुंडाळी असावी. कडक झाली असेल, गरम पाण्यात टाकून बघू.